वटान्याच्या चार शेंगा

१२ डिसेंबर, शुक्रवार
झोप नाई आली. काऊन, तं मी वटाने खाल्ले. चार शेंगा, कच्च्याच. बाबू एकवीस दिवसाचा, माह्या अंगावर पेते. बाळंतिनीनं वटाना खाल्ला तं लेकराचं पोट फुगते, सासू रोज सांगते. मालूम होतं. तरी खाल्ले.
बाबू पोटात होता तवा घरामागच्या सांदवाडीत मीच लावले. वाकता येत नोयतं, बसून बसून एकेक बी टोचलं. तुराट्या रोवल्या. आता खोलीबाहेर जाऊ देत नाई. खिडकीतून शेंगा दिसत. काल सासू पानी आनाले गेली, मी वाडीत गेली. टरफलं गादीखाली दडवली.
रातभर बाबू रडला.

१३ डिसें.
पोट टम्म. बेंबीले हिंग लावला. सासू म्हने, "कोनाची नजर लागली वं?"
मनात म्हनलं, माहीच.
नवरा नागपूरले कामावर. त्याले सांगाची हिंमत नाई.
वेलाले अजून फुलं येऊन राहिली. पाहूशी वाटत नाई.

१४ डिसें.
सासूनं गादी उनात टाकली. टरफलं सापडली. हातात धरून माह्यासमोर बसली. वाटलं, आता मारते.
"किती खाल्ल्या?"
"चार."
"चारच? मी तं तुह्या नवऱ्याच्या वक्ती टोपलीभर खाल्ल्या, चोरून. फुगला, पादला, मोठा झाला. आता गंजभर भात पुरत नाई त्याले."
रडली मी. हासलीबी. तिनं टरफलं बकरीले टाकली.
मंग हळूच म्हने, "चार शेंगानं एवढं फुगत नाई वं." तिचा हात बाबूच्या पोटावरच होता.

१५ डिसें., सकारी
पहाटेपासून दूध पेत नाई. अंग तापलं. रडतबी नाई, त्याचंच भेव. गावची आशाताई आली, म्हने, "घरी ठेवू नोका, आत्ताच न्या." तिनं गाडी बोलावली. गोंदियाच्या दवाखान्यात चाललो. सासू संग आहे. तिनं वटान्याच्या शेंगा तोडून माह्या पिशवीत टाकल्या. "तू खात राय. तुह्या पोटात असंल तं त्याले भेटंल."
नवऱ्याले फोन लागला, निघतो म्हने. माह्या दादाचा लागत नाई. नवेगाव-बांधले राह्यते, जंगलात कामावर गेला असंल, तिथं टावर नाई.
वही शेजारच्या काकूपाशी देऊन राहिली. तिले वाचता येत नाई. जो वाचंल त्यानं दादाले फोन लावा. नंबर पहिल्या पानावर. नाई लागला तं सांजवरी लावत राहा. गोंदियाले ये म्हना. म्हना, तुनं भाचा अजून पाह्यला नाई.