अकरा मिनिटं

११ मार्च, हाराशेर बेट

पोचलो एकदाचे! किनाऱ्यापासून चौदा किलोमीटर, सगळे स्केट्सवर. आठवडाभर ऊन लागून पुन्हा गोठलेला समुद्र काळा, काचेसारखा झालाय. पायांखाली शेवाळ हललेलं दिसतं.

आम्ही चौघं. पुढे सिक्स्टेन, कारण बेटावरचं लाकडी घर त्याच्या आजोबांचं आणि बर्फाची पारख त्यालाच. मग आइसलँडचा ओद्दुर, दिवसाला दहा वाक्यं बोलणारा. त्याच्यामागे मी. आणि सर्वांत मागे माझी रूममेट आइनोआ, धापा टाकत, आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. लुलेओच्या विद्यापीठात शिकायला येऊन दोन वर्षं झाली तरी ती थंडीने काकडते. आज चार स्वेटर चढवून आली होती. सिक्स्टेन म्हणाला, "कांदा आलाय बघ चालत. सोलत गेलं तर आत काही निघायचं नाही." ती म्हणाली, "निघेल ना, तुझ्या डोळ्यांतून पाणी!"

सहा वाजता रोजच्यासारखा तिच्या आईचा फोन आला, स्पेनहून. दर वाक्यात "आमा, आमा", म्हणजे त्यांच्या भाषेत आई. मलाही मध्ये ओढलं. माझ्या मोडक्या स्पॅनिशला मायलेकी पोट धरून हसल्या. विद्यापीठातल्या आमच्या विभागाने यंदा गोठलेल्या समुद्रावर जायला मनाई केलीये, म्हणून फोटो कुठेही टाकायचे नाहीत असं ठरलं. बाहेर उणे नऊ. बास्तूत, म्हणजे इथल्या लाकडी वाफेच्या खोलीत, घाम गाळून आलो. इथल्या रीतीप्रमाणे कॉफीत चीजचे तुकडे टाकून खाल्ले. झोप मस्त लागणार.

१२ मार्च

सगळं ठीक आहे. आधी तेच लिहिते.

दुपारी बेटाच्या उत्तरेला, खडकाजवळ, आइनोआ बर्फ फुटून पाण्यात गेली. ओरडलीसुद्धा नाही. मी वळून बघितलं तर मागे कोणीच नव्हतं, फक्त टेबलाएवढं भोक आणि त्यात हलणारं पाणी. सिक्स्टेनने दोर फेकला. आम्ही पोटावर सरपटत गेलो. दोर रिकामा आला. पुन्हा फेकला, पुन्हा रिकामा. मी हात खांद्यापर्यंत पाण्यात घातला होता. शेवटी मी रडायला लागले आणि सिक्स्टेन नुसता बसून राहिला.

तेवढ्यात दोर ताणला गेला. तिघांनी ओढला. ती वर आली.

खोकली नाही. पाणी ओकली नाही. उठली आणि घराकडे चालू लागली.

सिक्स्टेनने मदतीसाठी फोन हातात घेतला. तिने त्याच्या हातावर हात ठेवून म्हटलं, नको. तो माझ्याकडे बघू लागला. मनाई मोडल्याचं कळलं तर विभाग चौघांना काढून घरी पाठवेल. मीही म्हणाले, राहू दे, बरी आहे ना ती.

राहू दे, हे मी म्हणाले.

१३ मार्च

नैर्ऋत्येचं वादळ. बेट आणि किनाऱ्यामधला बर्फ फाटलाय. सिक्स्टेनचा काका हालवार फोनवर म्हणतो, वारा पडला की हवेच्या उशीवर चालणारी बोट घेऊन येतो.

आइनोआ एका पातळ बनियनवर वावरतेय. काल तिला बास्तूत नेऊन वरच्या फळीवर बसवलं होतं. ऐंशी अंश. माझ्या अंगातून धारा, तिला टिपूस नाही. पाठीला हात लावला आणि ओढून घेतला. अजून गार होती.

खात नाही. सकाळी तिच्या बिछान्याखाली पाण्याचं थारोळं होतं. मी पुसलं. जीभ लावून बघितलं, किंचित खारट, समुद्राचं.

आईचा फोन तिने कानाला लावला, ऐकलं, मग मला दिला. तिकडे तिची आई विचारत होती, "आत्ता फोनवर कोण होतं, वेंदुला? आवाज तिचाच. पण मला आमा म्हणाली नाही. 'बोला बाई' म्हणाली. बोला बाई, मला?" मी म्हटलं, दमलीये ती.  आई म्हणाली, मी निघते. मी तिला हालवारचा नंबर दिला.

लाकडं आणायला गेले तेव्हा ओद्दुर मागून आला. काल त्याने घड्याळ बघितलं होतं. दोर ताणला जाईपर्यंत अकरा मिनिटं गेली होती. मग तो म्हणाला, "ती बाहेर आली की तिच्या तोंडाकडे बघ."

बघितलं. आमच्या तिघांच्या तोंडातून वाफ निघत होती. तिच्या नाही.

१४ मार्च

ओद्दुर आणि मी खडकाजवळ गेलो. भोक पुन्हा गोठलंय. वाऱ्याने वरचा भुगा उडवून नेलेला, बर्फ अगदी स्वच्छ.

ती तिथे आहे.

आइनोआ. चारही स्वेटर. तोंड वर, डोळे उघडे. एक तळहात खालून बर्फाला टेकवलेला. मी वरून माझा हात त्यावर ठेवला. ओद्दुर आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटत राहिला.

परत आलो तर सिक्स्टेन घरात नव्हता. घरातल्या 'तिने' त्याला बास्तूत बोलावलं होतं. तो बाहेर आला, अनवाणी, बर्फावरून, हसत. म्हणाला, खूप बरं वाटतंय, तुम्हीही या.

वाफ नाही.

१५ मार्च

रात्री मदत मागायला फोन लावत होते, वादळात रेंज मिळेना. सकाळी माझा फोन पाण्याने भरलेल्या भांड्यात सापडला. ओद्दुरचाही.

ओद्दुर स्केट्स घालून निघाला. फाटलेला बर्फ वळसा घालून ओलांडतो म्हणाला. मलाही चल म्हणाला. आइनोआला तिथे बर्फाखाली टाकून कशी जाऊ? तिची आई येतेय. आईला ती जागा दाखवायला कोणीतरी हवं.

दुपार. ओद्दुर परत आला. स्केट्स नाहीत. केस ओले. बराच वेळ बोलत होता. एरवी इतकं कधी—

माझा हात धरला. मी सोडवून माळ्यावर आले. शिडी वर ओढलीये.

१६ मार्च

वारा पडला.

खाली तिघं. मधूनच कोणीतरी माझं नाव घेतं. प्रेमाने.

बोटीचा आवाज. तिघं धक्क्यावर जाऊन उभे राहिले. हात हलवताहेत, तिघांचे एकदम.

हालवारसोबत एक बाई. पातळ रेनकोट. तिची आई—

उतरली. त्या मुलीने दोन्ही हात पसरले. आई थांबली. तिचं तोंड निरखलं. मग तिला वळसा घालून पुढे आली. वर खिडकीकडे बघून मला विचारलं, माझी पोर कुठे आहे.

मी उत्तरेकडे, खडकाकडे हात केला.

चाललीये. एकटीच. साधे बूट, घसरतेय. हालवारला सिक्स्टेनने मिठी मारलीये, सोडत नाही. बाकी दोघं आईच्या मागे. सावकाश.

आईने गुडघे टेकले. बाहीने बर्फ पुसतेय. ती दोघं तिच्या दोन बाजूंना बसली—

ओरडले. ऐकत नाही.

दोर इथे आहे. शिडी सोडली. जाते.

वही कोणाला मिळाली तर— बेटाच्या उत्तरेला, खडकाजवळ. आइनोआला तिच्या गावी न्या. आणि आमची नावं सांगत कोणी दारात आलं, तर त्यांना—