आलेखाखाली लिहिलेली वयं

सोमवार, १२ जानेवारी. सकाळी १० वाजून ५० मिनिटं.
वेळ लिहून ठेवते, नाहीतर मुख्याध्यापक उद्या म्हणतील, असं घडलंच नाही! नववीचा भौतिकशास्त्राचा तास. दिव्याखाली दोन बाटल्या — एकीत साधी हवा, दुसरीत कार्बन डायऑक्साइड. दुसरीतल्या तापमापकाचा पारा जास्त चढतोय, मुलं माना उंचावून बघतायत — आणि हा गृहस्थ दार न वाजवता आत. "बाई, पुरे. बाटल्या आवरा." वर्गासमोर! अडतीस वर्षं शिकवलं, निवृत्तीनंतर आठवड्याला एक तास फुकट घेते, त्याचं हे बक्षीस.
कुणा पालकाची तक्रार म्हणे. मुलं घाबरतात.

मंगळवार, १३
कशाने घाबरतात? पृथ्वीच्या तापमानाचा आलेख काढून घेते, २१०० पर्यंत. प्रत्येक वर्षाखाली आपलं तेव्हाचं वय लिहायचं. २०६० ला अठ्ठेचाळीस. बस! त्याशिवाय डोक्यात शिरत नाही.
मुख्याध्यापक म्हणतात, "त्यापेक्षा छानसं पोस्टर करून घ्या ना." घर पेटलंय आणि यांना पडद्यांचा रंग ठरवायचाय.

बुधवार, १४
जेवताना मुलीला सगळं सांगितलं. वाटलं, कंबर कसून माझ्या बाजूने उभी राहील. "आई, तू जरा हळू सांगत जा ना." एवढंच! नात ताटात बोटं फिरवत बसलेली. ती माझ्याच वर्गात आहे, पण तिथेही मुकी. आजीच बाई असल्यावर तोंड कोण उघडणार?

गुरुवार, १५
शाळेत जाऊन तक्रार दाखवा म्हटलं. कारकुनाने नजर चुकवत फाइल पुढे सरकवली. खाली सही — माझ्या मुलीची.
घरी येऊन तिला धारेवर धरलं. ती रडली नाही, हेच वाईट. "तीन आठवडे पोरगी धड जेवत नाही, आई. मोठं कशाला व्हायचं, विचारत होती. तुला कसं सांगू? तू लगेच आकडे काढतेस."
आकडा जिभेवर आलाच होता. गिळला.

शुक्रवार, १६
लहानपणी कॉन्व्हेंटात सिस्टरांनी शिकवलं, खोटं बोलू नका. खऱ्याने कुणी घाबरलं तर काय करायचं, ते नाही शिकवलं. माझा एकही आकडा खोटा नाही. मग काय करू मी?

शनिवार, १७
नातीने दाराखालून वहीचं पान सरकवलंय.
"आजी, तास बंद करू नकोस. सगळ्यांना कळायला हवं. फक्त मला सांग, हे सगळं माहीत असताना तू रोज सकाळी उठतेस कशी? तोंडी नको, तू रागावतेस. लेखी दे. सोमवारी शाळेची पहिली घंटा व्हायच्या आत."