अंड्यासारखं कडं

रहिमतपूर, १० ऑक्टोबर २०२५

चि. उत्कर्षास,
अनेक आशीर्वाद. फोनवर मला अर्धंच ऐकू येतं, म्हणून पत्र. तुझ्या यंत्राच्या तिन्ही चकत्या कुरिअरने निघाल्या. पोचल्या का ते कळव. चार दिवस जेवण गोड लागत नाही. मी सातवी शिकलेला टर्नर, तोही रिटायर. तरी सांगलीजवळ कुपवाडला धनाजीच्या कारखान्यात लेथवर स्वतः उभा राहिलो, कारण मधल्या भोकात केसाएवढाही फरक चालणार नाही असं तू लिहिलं होतंस.

रेणूला एक जादा इलेक्ट्रॉन चिकटवायचा, उजेडाच्या एका झोताने त्याला डिवचायचं, दुसऱ्याने तो इलेक्ट्रॉन उडवून फोटो काढायचा, हे मला अजून पटलेलं नाही. डिवचलेला रेणू किती वेळ तसा राहतो हे कळून कुणाचं भलं होणार? पण चकत्या आरशासारख्या केल्यात. वेळेवर जेवत जा.
म्हाताऱ्याची आठवण ठेवावी.
तुझा आजा, नानासो

बंगळूर, २ नोव्हेंबर

ती. आबांना,
सा. नमस्कार. चकत्या बसवल्या आणि दोन आठवडे वाया गेले. इलेक्ट्रॉन पडद्यावर गोल कडं काढतात, त्यावरून त्यांचा वेग कळतो. माझं कडं अंड्यासारखं येतंय, तेही रोज वेगळ्या बाजूला झुकलेलं. सर म्हणतात, भोक मध्यावर नाही, गावच्या लेथवर कशाला करून घेतलंस? मी भांडले. पण तीस तारखेला यंत्र दुसऱ्या गटाकडे जाईल आणि माझा प्रबंध वर्षभर लांबेल. माप परत बघाल का?
राग आला तरी माया तेवढीच ठेवा.
उत्कर्षा

रहिमतपूर, ९ नोव्हेंबर

चि. उत्कर्षास,
आशीर्वाद. राग आलाच. पहिल्या गाडीने सांगली गाठली. जादा केलेली चौथी चकती डायल लावून तीनदा फिरवली. काटा हलला नाही. तुझ्या सरांबद्दल नको ते बोललो. तेव्हा धनाजी हसत म्हणाला, आवं मिस्त्री, माप कशाला बघताय, खंडेनवमीला लेथपुढं चकत्या मांडून कुंकू कुणी लावलं हुतं?

मीच लावलं होतं. चिकटावं म्हणून कुंकू गोडेतेलात कालवलं होतं. नंतर फडक्याने पुसलं, पण भोकाच्या कडेला राहिलं असणार. पन्नास वर्षं नव्या कामाला असंच लावत आलो, कुणाची तक्रार नाही. चूक मापाची नाही, माझी आहे. सरांना तसंच सांग. चौथी चकती पूजेत नव्हती, ती हातमोजे घालून बांधली आणि कुरिअरने पाठवली आहे. बाकीच्या धुऊन घे.
या आज्यावरचा जीव कमी करू नकोस.
नानासो

बंगळूर, २१ नोव्हेंबर

ती. आबांना,
सा. नमस्कार. भिंगाखाली भोकाच्या कडेला लाल रेघ दिसली. तेलाच्या थरावर इलेक्ट्रॉन साठत होते आणि पुढच्यांना ढकलत होते. चकत्या धुतल्या, यंत्रातली हवा काढण्यात आणखी चार दिवस गेले. काल कडं गोल आलं.

नऊच दिवस उरलेत. दोनऐवजी एकाच रेणूचं काम होईल, त्याची चिडचिड होतेच. सरांनी चौथ्या चकतीचं माप घेतलं आणि तुमचा पत्ता मागितला. अजून दिलेला नाही. आधी तुमच्याबद्दलचे शब्द त्यांनी मागे घ्यावेत.

यंत्राच्या बाहेरच्या लोखंडी पायाला मी कुंकवाचं बोट लावलंय. कोरडं.
तुमच्या मायेची,
उत्कर्षा