तलवारीच्या पात्याची नळी

दादा,

आम्ही दोघी मायलेकी शाळेच्या नाटकाला निघालोय. तुझं जेवण झाकून ठेवलंय.

चिमीच्या नाटकातल्या दिवे लागणाऱ्या तलवारीच्या पात्यासाठी आणलेली जाड नळी तू मला न विचारता कापलीस, टोमॅटोच्या रोपाला बांधलीस आणि वर ‘प्लास्टिकचीच तर आहे’ म्हणून हसलास. पोर दोन दिवस तुझ्याशी बोलली नाही, तेही तुझ्या लक्षात आलं नाही. मग मी दुसरी नळी शोधत फिरले. बाथरूमच्या पाइपातून उजेडच बाहेर येईना. दुकानातली स्वस्त नळी पहिल्याच वाराला तडकली. हवी तशी एकच सापडली, तुझी मासे धरायच्या गळाची काठी ठेवायची पारदर्शक नळी.

काठी काढून कपाटावर ठेवलीय. नळीतून दिव्यांचे ठिपके दिसत होते, म्हणून पॉलिश पेपरने घासली. आता उजेड छान एकसारखा पडतो, पण नळी पुन्हा काचेसारखी व्हायची नाही. लांबही होत होती, म्हणून तुझ्याच करवतीने कापली.

उरलेला तुकडा टोमॅटोच्या कुंडीत खोचलाय. तुझ्या रोपाला आधार कमी पडायला नको.