तुमची डायरेक्ट तार

उस्ताद, आज तुमची तार मी कापली. तुमच्याच गाडीतली, तुमच्याच हातची. पक्कड घेतली आणि कापली. तुम्ही असता तर पाना फेकून मारला असता, पण तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली, आणि हे गॅरेज माझं आहे, इथे माझंच चालतं.

गाडी तुमच्या लेकीने आणली. ती आता गेवराईहून रोज सकाळी तलवाड्याच्या शाळेवर शिकवायला जाते. थंडीत कालव्याच्या कडेने धुकं असतं, काच आतून धुरकटते आणि ब्लोअर लावला की करपल्याचा वास येतो. पंखा एकाच वेगाने फिरतो, तोही रडत रडत. "बीडात हिटर कुणाला लागतो बे?" असं तुम्ही म्हणायचात. तुमच्या लेकीला लागतो, उस्ताद. ती म्हणाली, "दादा, नुसता पंखा साफ करून द्या. वायरिंगला हात लावू नका, ते अप्पांनी केलेलं हाय. त्यांच्या हातचं एवढंच चालू ऱ्हायलंय." मी बरं म्हटलं आणि तिला चहा प्यायला पाठवलं.

डॅशबोर्डखाली डोकं घातलं आणि तुम्हीच समोर आलात. बॅटरीपासून थेट मोटरला लाल तार, मध्ये घरातल्या दिव्याचं बटण, फ्यूजचा पत्ता नाही. जोडावरच्या टेपचं टोक दुमडून ठेवायची सवयही तीच. टेस्ट लॅम्प, करंट कुठवर येतो ते दाखवणारा दिवा, लावून बघितलं. वेग कमी करणारा रेझिस्टर कधीचाच जळालेला. तो का जळाला हे बघायला पंखा खाली उतरवला, तर जाळीत उंदराचं घरटं, सगळं तुमच्या शेडमधल्या कापसाचं. पंखा जड फिरतो, मोटर जास्त करंट ओढते, तार तापते. तुमच्या तारेचं रबर वितळून मॅटला चिकटलं होतं. अजून एखादा हिवाळा गेला असता तर गाडी पेटली असती, आणि आत तुमची लेक असती. आता बोला.

चौदा वर्षांपूर्वी आपलं भांडण असल्याच कामावरून झालं होतं. तेव्हा गाडी दुसरी होती, उमापूरच्या एका जीपवाल्याची. मी म्हटलं, आधी मोटर का अडते ते बघू. तुम्ही चार गिऱ्हाइकांसमोर ओरडलात, "उस्ताद तू हाय का मी? डायरेक्ट मार!" मी म्हटलं, न्हाई मारणार. "मंग निघ." मी निघालो. सव्वीस वर्षांचा होतो, लग्न ठरलेलं होतं आणि हातात काम नव्हतं. जाताना टेस्ट लॅम्प तेवढा नेला, खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाल्यावर कुंकू लावून तुम्हीच हातात ठेवलेला. तो तुम्ही कधी परत मागितला नाहीत. आज त्याच दिव्याने तुमची चूक धरली. तेव्हाही माझंच खरं होतं, उस्ताद, आणि आजही माझंच खरं आहे. रागवायचं तर रागवा.

घरटं काढलं, पंखा धुतला, मोटरच्या बुशला तेलाचा थेंब दिला, नवा रेझिस्टर आणि बरोबर फ्यूज बसवला. लेक चहा पिऊन आली. बटण एकवर, दोनवर, तीनवर, चारवर. दर वेळी वेगळा वारा. काच बघता बघता लख्ख झाली. "अगं बाई, एकवर बी चालतंय!" म्हणून ती हसली. मग तिला खाली पडलेली लाल तार दिसली. "दादा, मी नको म्हणलं होतं ना?"

याचं उत्तर माझ्याकडे चौदा वर्षं तयार होतं. तुझ्या बापाचं काम चुकीचं होतं. एवढंच वाक्य. जिभेवर आलं होतं.

"उंदरानं कुरतडलती ताई, काढावीच लागली," मी म्हटलं. "अप्पांचा जोड मात्र जसाच्या तसा हाय."

ती तार तिने पर्समध्ये घालून नेली. हा कागद मी कुणाला दाखवणार नाही, तिला तर नाहीच. पण उंदराचं खोटं होतं तरी जोडाचं खरं होतं, हे तुम्हाला सांगून ठेवतो. मी आधी तो हाताने सोडवायला गेलो होतो. अर्धा तास खटपट केली. सुटला नाही, म्हणून तार कापली.