नको म्हणायचा राहून गेलेला पंच

११ ऑक्टोबर १७६८, ग्रेव्हलीचा तुरुंग

कोठार मी जाळलं नाही! आधी हे लिहून टाकतो. ब्रिग्स शेतकऱ्याच्या कोठारात गवतावर रात्र काढली, उजाडल्यावर वाटेला लागलो. दुपारी मागून घोड्यावरून माणसं आली. कोठार जळालं म्हणे. ते घराला लागून, म्हणजे कायद्याने घरच जाळल्यासारखं, म्हणजे फाशी. मी परका, हाताला काम नाही, झोपलेला तिथेच. अजून काय हवं त्यांना?

कागद-पेन्सिल जेलरच्या बायकोने दिली. अक्षर पाहून हसली.

१२ ऑक्टोबर

खिडकीतून पिंपं बनवणाऱ्याचं दुकान दिसतं. लोखंडी कडं चुकीच्या बाजूने ठोकतोय. मी दोन वर्षं हेच काम शिकून पळालो, मला कळतं. ओरडून सांगितलं. त्याने शिवी घातली.

२० ऑक्टोबर

जेलर न्यूहॉल बोलका आहे. बोस्टनला राजाचे लाल डगलेवाले सैनिक उतरले म्हणून संतापलाय. जहाजांच्या नव्या कोर्टात पंचच नसतात, एकटा न्यायाधीश बसून निकाल देतो, हे त्याच्या घशाखाली उतरत नाही. माझं नशीब, माझा खटला जुन्या कोर्टात आहे. बारा पंच, सगळे इथलेच, बाराही जणांचं एकमत झालं तरच फाशी, आणि सुटकाही तशीच. शिवाय पंच शपथ घ्यायला उभे राहतात तेव्हा मला वीस जणांना नुसतं ‘नको’ म्हणता येतं. कारण द्यावं लागत नाही! मला खरंच वाटेना.

तो म्हणाला, “आपले आजे-पणजे इंग्लंडहून आले तेव्हा भांडी, बियाणं आणि हे, एवढंच घेऊन आले. भांडी फुटली.”

फक्त एक ध्यानात ठेवायचं. पंचाचा हात बायबलवर पडायच्या आत बोलायचं. एकदा शपथ झाली की झालं.

२१ ऑक्टोबर

कुणाला नको म्हणायचं ते एकच नाव ठरलंय. डीकन स्टर्ट, इथल्या चर्चचा कारभारी. मागच्या महिन्यात मी रविवारी, म्हणजे इथे देवाच्या दिवशी, शीळ घालत निघालो होतो, तर भर रस्त्यात काठीने पोटरीवर मारलं. असला भटक्या गावाला आग लावून जाईल, असं त्याच दिवशी चारचौघांत म्हणाला होता. आता तर तो भविष्य सांगणाराच ठरला.

२ नोव्हेंबर

मी गाढव आहे.

न्यायाधीशाच्या टोपाला पांढऱ्या केसांच्या वळकट्या होत्या, एकाखाली एक. डाव्या बाजूची एक सुटत आली होती. किती आहेत ते मोजत बसलो. एकोणिसाव्या वळकटीला मान वळवली, तर डीकन स्टर्ट बायबलवरचा हात काढून घेत होता!

मी ‘नको, नको’ म्हणून ओरडलो. कोर्ट हसलं. न्यायाधीश म्हणाले, उशीर झाला. न्यूहॉलने डोक्याला हात लावला.

ब्रिग्सने साक्ष दिली. धूर पाहिला, मला आदल्या संध्याकाळी पाहिलं. मी म्हणालो, मी नाही केलं. माझ्याकडे दुसरं सांगण्यासारखं होतं काय?

३ नोव्हेंबर

पंचांना समोरच्या खानावळीच्या माडीवर कोंडलंय. निकाल होईपर्यंत अन्न नाही, पाणी नाही, शेकोटी नाही. हीसुद्धा तिकडूनच आलेली रीत. रात्री पाणी गोठलं होतं! आणि खाली खानावळीत बदक भाजतायत, वास माझ्यापर्यंत येतो.

मला मात्र मक्याची गरम लापशी, वर काकवी. ज्याला टांगायचं तो जेवतोय आणि टांगणारे उपाशी. घास गिळवेना. मग गिळला.

माडीच्या खिडकीत डीकन उभा, डोक्यावर हॅट, हाताची घडी. बाकीचे त्याच्याशी भांडतायत, हातवारे दिसतात. तो हलत नाही. न्यूहॉल म्हणतो, एक जण अडून बसलाय असं शिपाई म्हणाला. कोण ते विचारायची गरज नाही. अकरा जणांना दया आली असेल आणि हा म्हातारा!

४ नोव्हेंबर

निर्दोष!

निर्दोष! पंच थंडीने काळेनिळे पडले होते, शब्द उच्चारताना दात वाजत होते. न्यूहॉलच्या बायकोने मला कवटाळलं. बाहेर येऊन रस्त्याच्या मधोमध नुसता बसून राहिलो. गाडीवाल्याने उठवलं. किती छान शिव्या दिल्या त्याने!

५ नोव्हेंबर

गिरणीवाला पीबडी पंचांत होता. खानावळीत बदकावर ताव मारता मारता त्याने मला सगळं सांगितलं, तेही माझ्यावरच डाफरत. पाव तासात अकरा जणांचं ठरलं होतं — फाशी. एकटा डीकन नाही म्हणाला. दोन दिवस नाहीच म्हणत राहिला. शेवटी भुकेने एकेक जण वळला.

मी जेवण टाकून उठलो. पीबडीने माझी थाळी ओढून घेतली.

७ नोव्हेंबर

डीकनच्या शेतावर गेलो. सलगम उपटत होता, खोकत होता. मी हॅट काढून आभार मानायला लागलो.

“आभार ठेव तुझ्यापाशी. तूच जाळलंस असं मला अजून वाटतं.”

मग विचारलं, असं वाटतं तर मला सोडलं का?

“वाटण्यावर माणूस टांगत नाहीत. ब्रिग्सने धूर पाहिला. तुझ्या हातात निखारा कुणी पाहिला?” त्याने एक सलगम झटकलं. “माझा आजा लंडनला पंच असताना असाच कोंडला गेला होता. न्यायाधीशाला हवा तो निकाल दिला नाही म्हणून वर तुरुंगात घातला. मी दोन दिवस बदकाचा वास घेतला, एवढंच.”

मी त्याच्याबरोबर संध्याकाळपर्यंत सलगमं उपटली. निघताना चार सलगमं दिली आणि म्हणाला, रविवारी चालू नकोस.

हलकं वाटतंय. त्या म्हाताऱ्याचा रागही येतोय. पण हलकंच जास्त.

१३ डिसेंबर, उत्तरेकडे कुठेतरी

काल खानावळीत माझे बूट चोरीला गेले. तबेल्यातल्या आयरिश गड्याला धरलं. त्याच्याकडे पाहून मलाही तोच वाटला. अजून वाटतो. शिपाई म्हणाला, “घेताना पाहिला, एवढंच म्हण. बाकी आम्ही बघतो.” नाही पाहिला, म्हणालो. पायांना गोणपाट गुंडाळून निघालोय. बर्फ घोट्यापर्यंत.