हिरव्या बाह्या

गुरुवार, २७ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनीलाही सांग. इथे सगळे मजेत, माझी कंबर सोडून. दिवसभर उभं राहून इस्त्री करायची म्हटल्यावर ती कुरकुरणारच. फोन करणार होतो, पण फोनवर तू 'हं' आणि 'बरं' यापलीकडे जात नाहीस, म्हणून पत्र. शिवाय पत्रात मध्येच कुणी 'मग पुढे?' असं विचारत नाही, हेही एक बरं असतं.

बातमी अशी की आपल्या क्लबचा मॅनेजर शनिवारी गेला. गेला म्हणजे घालवला. ओळीने सात मॅच हरल्यावर त्याने पेपरात सांगितलं, की टीम हळूहळू जमून येते आहे. दुसऱ्या दिवशी कमिटीने त्याच्या खोलीची किल्ली मागून घेतली. याआधीचे दोन मॅनेजरही कमिटीनेच निवडले होते आणि दोघांनीही दिवे लावले. म्हणून या वेळी कमिटीने हात झटकलेत. आम्हा समर्थकांच्या संघटनेने एक नाव द्यायचं, ते कमिटी मान्य करणार. नऊ तारखेला, रविवारी, अकरा वाजता स्टँडखालच्या कँटीनमध्ये हात वर करून मतदान आहे.

त्यामुळे माझ्या लाँड्रीची सध्या संसद झाली आहे. क्लबच्या जर्सी अजून माझ्याकडेच येतात ना, म्हणून सगळ्यांना वाटतं की माझं दुकान म्हणजे क्लबचीच एक खोली. पोस्टमन आता रिटायर झालेत, ते सकाळी येऊन एकुलत्या खुर्चीवर बसतात ते जेवायलाच उठतात. बस ड्रायव्हर दोन फेऱ्यांच्या मध्ये येतो. त्याला आम्ही 'हॉर्न' म्हणतो, कारण त्याला हळू बोलताच येत नाही. आणि शाळा सुटली की गणिताच्या बाई येतात, काखेत वही. त्या वहीत गेल्या वीस वर्षांतली आपली प्रत्येक मॅच आहे.

हॉर्नला 'कोटवाले' हवेत. तेच ते, पावसात आणि उन्हात सारखाच लांब कोट घालून मैदानाच्या कडेला उभे राहणारे.

"सहा वर्षांत चार क्लब बदललेत त्यांनी," बाई म्हणाल्या.

"म्हणजे चार जणांना ते हवे होते."

"म्हणजे चार जणांना ते नकोसे झाले."

पोस्टमनना आपला जुना स्ट्रायकर 'तोफ' हवा. गोल मारताना त्यांनी त्याला डोळ्यांनी पाहिलंय, एवढंच त्यांचं म्हणणं. त्यावर हॉर्न म्हणाला, "गोल मारले, पण बॉल गेला की कधी मागे पळत आला का तो? कमरेवर हात ठेवून उभा. मॅनेजर झाला तरी तसाच उभा राहील, आपण हरत असताना." पोस्टमन चिडले, त्यांनी चहा अर्धा ठेवला. अर्ध्या तासाने तोच गार चहा प्यायले.

हे सगळं मजेशीर चाललं होतं. मग बाईंनी वही उघडली आणि तुझं नाव घेतलं.

तुझ्या शाळेच्या मुलींच्या टीमचे आकडे त्यांच्याकडे आहेत. कुठून मिळवले देव जाणे. तीन वर्षांत तुझ्या पोरींनी किती कमी गोल खाल्ले, ते त्यांनी वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "आपली टीम बचाव विसरली आहे. हा माणूस बचाव शिकवतो. मला दुसरं काही कळत नाही."

मग काय, चौदा वर्षांपूर्वीचं सगळं पुन्हा उगाळलं गेलं. शेवटच्या मॅचच्या आदल्या दिवशी आपली टीम समोरच्यांना कशी कळली, आपण चार गोलांनी हरून खालच्या डिव्हिजनमध्ये कसे गेलो, टीम ठरवणारा असिस्टंट कोच कोण होता. "ज्याने टीम फोडली त्यालाच मॅनेजर करायचं?" असं हॉर्न म्हणाला, अगदी त्याच्या आवाजात. बाहेर इस्त्रीचे कपडे न्यायला आलेलं गिऱ्हाईक दचकलं.

इस्त्रीत पाणी भरायला आत गेलो. इस्त्रीत पाणी होतं.

काल सात नंबरची जर्सी माझ्या हातून जळली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. ही म्हणाली, "लक्ष कुठाय तुमचं?" मी म्हटलं, थर्मोस्टॅट बिघडलाय. नाही बिघडलेला.

तर विचारायचं एवढंच, की नाव पुढे आलंच तर तुला यायचं आहे का? एका ओळीत कळव. कमरेला शेक देतो आहे, काळजी नसावी.

तुझा,
धाकटा


शुक्रवार, ७ मार्च

प्रिय दादा,

तुझं कार्ड मिळालं. एक ओळ मागितली होती, तू चार पाठवल्यास, म्हणजे चैनच म्हणायची. 'माझं नाव देऊ नका. इथे बरं चाललंय. मुली फायनलला आल्यात. तू उभ्याने काम करताना पायाखाली पाट घे.' पाट घेतला. खरंच फरक पडतो.

पण कार्डाच्या कडेला वहिनीने बारीक अक्षरात लिहिलंय, ते तू पाहिलंस का? 'क्लबचा जुना ट्रॅकसूट परवा यांनी कपाटातून काढून स्वतः धुतला. वाळल्यावर घडी करून परत ठेवला. मी काही विचारलं नाही.'

तेव्हापासून माझं कशातच लक्ष नाही. शर्ट एकाचा, टोकन दुसऱ्याचं. डॉक्टरांचे पांढरे कोट मी सलूनवाल्याला दिले. ही म्हणते, एका जागी बसा. बसलो की पाय हलतो. उठलो की काउंटरपासून दारापर्यंत सतरा फेऱ्या. पोस्टमन म्हणाले, "तुला काय मुलगी बघायला पाहुणे येणारेत?" सगळे हसले, मीही.

दादा, एक आठवण लिहितो. तू टीम कधी वाचून दाखवायचा नाहीस. मॅचच्या आदल्या दिवशी जर्सींच्या दोन पिशव्या माझ्याकडे यायच्या. एकीतल्या अकरा मी कडक इस्त्री करून हँगरला लावायच्या, दुसरीतल्या नुसत्या घडी करून परत भरायच्या. मॅचच्या दिवशी ड्रेसिंग रूमचं दार उघडलं की ज्याची जर्सी टांगलेली, तो खेळणार. तू म्हणायचास, नाव ऐकण्यापेक्षा आपला शर्ट आपली वाट बघत असलेला दिसला की माणूस वेगळा खेळतो. मला ते फार आवडायचं. त्यात माझ्याही हाताचा वाटा होता म्हणून असेल.

कमिटीला वाटत होतं, टीम फक्त तुला आणि त्या वेळच्या मॅनेजरला माहीत असते. पिशव्यांचं कुणाच्याच डोक्यात आलं नाही. इस्त्रीवाल्याला कोण मोजतो?

हे लिहायला मी चार दिवस घेतले आहेत, तर आता लिहूनच टाकतो. टीम माझ्या तोंडून फुटली.

नेहमीचा गोलकीपर जायबंदी होता हे कुणालाच ठाऊक नव्हतं. हँगरच्या पिशवीत त्याची जर्सी नव्हती, राखीव पोराची हिरवी होती. तो बुटका, म्हणून बाह्या चार बोटं कापून दे, अशी तुझी चिठ्ठी. मी कापल्या, शिवल्या, आणि संध्याकाळी दाढी करायला गेलो. स्टेशनसमोरच्या त्या सलूनमध्ये, जिथे आता मोबाइलचं दुकान आहे. चार माणसं टीमवर वाद घालत होती आणि प्रत्येकाचं चुकत होतं. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "गोलमध्ये कोण आहे ते मला विचारा. आत्ताच त्याच्या बाह्या आखूड करून आलो." सगळी मान वळवून माझ्याकडे बघायला लागली. आयुष्यात पहिल्यांदा फुटबॉलवर लोक माझं ऐकत होते, तुझं नाही. फार बरं वाटलं, दादा. खोटं कशाला बोलू.

पलीकडच्या खुर्चीत एकजण होता, तोंडाला फेस लावलेला. दुसऱ्या दिवशी मी त्याला समोरच्या टीमच्या बाकावर बसलेला पाहिला. चारही गोल त्या बुटक्या पोराच्या डोक्यावरून गेले.

कमिटीने तुला विचारलं, तेव्हा मी तुझ्यासोबत गेलो होतो. बाहेर बाकावर बसलो होतो. तू दहा मिनिटांत क्लब सोडून बाहेर आलास आणि म्हणालास, "चल, झालं." मी तेव्हा बोलायला हवं होतं. मग वाटलं, उद्या बोलू. त्या उद्याची चौदा वर्षं झाली.

हे पत्र तुला मिळेपर्यंत रविवार होऊन गेलेला असेल. ते मला लिहायला बसण्यापूर्वीच माहीत होतं. असा आहे मी.

धाकटा


रविवार, ९ मार्च, दुपार

दादा,

शुक्रवारचं पत्र आधी मिळेल, मग हे. तसं नसेल तर हे बाजूला ठेव आणि त्याची वाट बघ.

कँटीन भरलं होतं. लोक कपाटांना टेकून, फ्रीजवर हात ठेवून उभे. कोटवाल्यांच्या बाजूने हॉर्न बोलला, त्याला माइक दिला नाही, गरजच नव्हती. तोफच्या बाजूने पोस्टमन बोलता बोलता हळवे झाले. मग बाईंनी तुझं नाव मांडलं आणि मागून तेच सुरू झालं. फितूर. कुणीतरी तो शब्द वापरला, मी ओळखतो त्याला, त्याचे पडदे माझ्याकडे येतात.

मी पुढे झालो. काल आरशासमोर चार वाक्यं पाठ केली होती, त्यातलं एकही आठवलं नाही. म्हटलं, "टीम माझ्या भावाने फोडली नाही. मी फोडली." आणि पिशव्या, सलून, फेसवाला, सगळं जसं आलं तसं सांगितलं.

कुणाचाच विश्वास बसला नाही, दादा. याचा मी विचारच केला नव्हता. हॉर्न म्हणाला, "भावाला वर चढवायला खोटं बोलतोय. चौदा वर्षं कुठे होतास?" लोक हसायला लागले. मी इतकी वर्षं ज्याला घाबरत होतो ते बोलून बसलो, आणि ते हसत होते.

मग मी खिशातून त्या काढल्या. त्या दिवशी कापलेल्या बाह्यांच्या दोन पट्ट्या, हिरव्या, कफासकट. फेकता आल्या नव्हत्या. बटणांच्या डब्यात तळाशी होत्या. टेबलावर ठेवल्या. बाईंनी वही मागे मागे उलटली आणि वाचलं, गोलकीपर राखीव, जर्सी मोठी, बाह्या नव्याने आखूड केलेल्या, चारही गोल उंचावरून. त्यांनी एक कफ उचलला, आतली शिवण बघितली आणि म्हणाल्या, "हा खरं बोलतोय."

नंतर जे झालं ते मला विसरता येणार नाही. पोस्टमन खुर्चीवरून उठले. ओरडले नाहीत. म्हणाले, "चौदा वर्षं मी तुझ्या भावाला शिव्या दिल्या. तुझ्याच दुकानात बसून दिल्या. आणि तू मला चहा पाजत होतास." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

मतं बाईंनी दोनदा मोजली. तोफला चाळीस, कोटवाल्यांना बावीस, तुला एकसष्ट. तुझ्यासाठी पोस्टमननी हात वर केला, माझ्याकडे न बघता. मी केला नाही. मला तो हक्क आहे असं वाटलं नाही.

लगेच दुसरा ठराव आला, की क्लबच्या जर्सी माझ्याकडे राहू नयेत. त्याला मात्र मी हात वर केला. तासाभराने हॉर्न बस घेऊन दारात आला आणि पिशव्या घेऊन गेला. जाताना हळू आवाजात म्हणाला, "माझा युनिफॉर्म सोमवारी नेतो, तो राहू दे." त्याला हळू बोलता येतं, हे आज कळलं.

आता दुकानात अकरा हँगर रिकामे आहेत. मी सकाळपासून पहिल्यांदा बसलो आहे आणि पाय हलत नाही. ही दाराशी उभी राहून बघते आहे. तिलाही आजच कळलं.

बसल्या बसल्या एक गोष्ट लक्षात आली. तेव्हा सगळ्या गावाने मला विचारलं होतं, 'तुझ्या मते कुणी सांगितलं असेल?' पोस्टमननी विचारलं, हिने विचारलं, आईनेही विचारलं. तू एकट्याने कधीच विचारलं नाहीस. मॅचनंतर तू जर्सी परत आणून दिल्यास, ती हिरवी वर काढलीस, बाहीवरून अंगठा फिरवलास आणि म्हणालास, "शिवण चांगली आलीये." मला वाटलं, तू थकला आहेस. तू कमिटीला फक्त एवढंच सांगायला हवं होतंस, की पिशव्या धाकट्याकडे जातात. आत दहा मिनिटं होतास. सांगितलं नाहीस. मी बाहेर बाकावर बसलो होतो, मला मान हलवून म्हणालास, "चल, झालं."

तुला तेव्हापासून माहीत होतं ना?

उत्तर देऊ नकोस. की दे. मला कळत नाही.

कमिटीचं पत्र तुला बुधवारपर्यंत येईल. नाही म्हणायचं असेल तर मुलींसाठी म्हण, वहिनीसाठी म्हण, तिथल्या मैदानासाठी म्हण. माझ्यासाठी पुन्हा नाही म्हणू नकोस. एकदा पुरे झालं. आणि हो म्हणालास, तर हँगरच्या अकरा जर्सी कुणाकडे द्यायच्या ते तू ठरवायचं. माझ्याकडे देऊ नकोस, असं मी म्हणायला हवं. ते मात्र माझ्याच्याने लिहवत नाही.

दोन्ही पट्ट्या सोबत पाठवतो आहे. त्या तुझ्या होत्या.

ज्याचं नाव तू बंद दाराआड घेतलं नाहीस, तो,
तुझा धाकटा भाऊ